खांद्यावरचं फडकं

अभिनंदन? कसलं अभिनंदन? — अच्छा, ह्यांनी सांगितलं होय तुम्हाला. सांगणारच. तुम्ही फाटकातून आत पाऊल टाकलं नसेल तोवर सांगून मोकळे झाले असतील — कॅप्टन, मी आजोबा झालो! — हो ना? वाटलंच मला. बरं, ते राहू दे. बसा तुम्ही. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, इकडे बाकावर बसा. चहा टाकते. नको काय, नको? तुम्हाला घाई आहे हे दिसतंय मला. नर्सबाई बाहेर त्या लसींच्या पेटीवरच बसून घड्याळ बघतायत, तेही दिसतंय. बर्फ वितळतो, कळतं हो. पण दोन घोट चहाने बर्फ काही जास्त वितळत नाही. मी पण आत्ताच येतेय, लेकीच्या गावाहून, पहाटेच्या गाडीने. पिशवी अजून दाराशीच पडलीय बघा.

तो खडखडाट? — हे आहेत. तिकडे कामाच्या टेबलाशी, पाठमोरे बसलेत ते. काहीतरी करतायत. करू दे. नाही, हाक नका मारू. कंप्रेसर चालू आहे ना, त्यात त्यांना ऐकू जायचं नाही. आणि कामात असले की त्यांना मध्ये कुणी बोललेलं आवडत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. तुम्ही चहा घ्या.

विमान तयार आहे म्हणाले ना ते? मग तयारच असणार. इथून दिसतंय की — दाराच्या कोपऱ्यातून खिडकीकडे निघाला होता ना तडा, त्याच्यावर ती काळी पट्टी. रंग द्यायचा राहिलाय तेवढा. तुम्ही आणलंत तेव्हा म्हणाला होतात, काकू, साधा ओरखडा आहे. केवढे हसले होते हे! ओरखड्यात नख अडकत नाही कॅप्टन, तड्यात अडकतं. पूर्वी अशा तड्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचे आणि रिव्हेट मारायचे — धाड धाड धाड, दिवसभर. ह्यांनी अर्धं आयुष्य तेच केलं. कानात बोळे घालायचे, तेही कधी घालायचे, कधी नाही. पण रिव्हेटला भोक पाडावं लागतं, आणि भोक म्हणजे पुढच्या तड्याचं माहेर — असं हे म्हणतात, मी नाही. म्हणून आता ही चिकटवायची पट्टी आली. कार्बनचं काळं कापड, एकावर एक थर, प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा जरा लहान, खाली गोंदाचा पातळ पापुद्रा. वरून प्लास्टिक लावून आतली हवा ओढून घ्यायची, विजेवर तापणारं पांघरूण घालायचं आणि भाजत ठेवायचं. पत्र्यावर चामडी चढल्यासारखी पट्टी बसते. पहिली पट्टी बसली तेव्हा हे मला म्हणाले होते, लोक म्हणतात आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचं — ते काही मला माहीत नाही, पण आभाळात जाणाऱ्याला ठिगळ लावून देतो आपण. आठवडाभर येईल त्याला हेच ऐकवत होते. तुम्हालाही ऐकवलं असेल. ऐकवलं ना?

हां, एक गोष्ट आहे. तो गोंद. तो फ्रीझरमध्ये ठेवावा लागतो, त्या कोपऱ्यातल्या. काम सकाळी करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी बाहेर काढून ठेवायचा, बंद पाकिटात. खोलीइतका कोमट झाल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. थंडगार असताना फोडलं की हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं — गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसं. मग तुम्ही पट्टी लावून भाजलीत की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ आत अडकते. वरून काही दिसत नाही. छान काळीभोर पट्टी, आत मात्र पोकळ. तर संध्याकाळी दिवे मालवताना पाकीट बाहेर काढून ठेवणं, हे काम माझं. कधी ठरलं, कुणी ठरवलं, माहीत नाही, पण माझं. ह्या खेपेला मी नव्हते. — काढलं असेल की त्यांनी. इतकी वर्षं करतायत. तुमचा निरोप आला होता ना, लस पोचवायचीय, लवकर करा म्हणून? मग घाईत — नाही, काढलं असेल.

मी आल्या आल्या कचऱ्याचा डबा बघितला. सवय आहे. पाकिटातला कागद होता त्यात. सुरकुतलेला. भिजून वाळलेल्या वहीच्या पानासारखा.

अहो, उठताय कुठे? चहा तरी संपवा. मी काय म्हणतेय ते ऐका आधी. पट्टी चांगली बसली की नाही, हे कसं बघतात, माहितीय तुम्हाला? यंत्रं असतात मोठ्या ठिकाणी. आमच्याकडे नाणं आहे. साधं नाणं. हलक्या हाताने ठोकत जायचं, शेत पेरल्यासारखं, ओळीने — टण, टण, टण. जिथे घट्ट आहे तिथे कोरा आवाज येतो. जिथे पोकळ आहे तिथे आवाज पडतो — ठप. बस, एवढंच शास्त्र. एवढंच, पण कान पाहिजे. ह्यांचा कान म्हणजे काय होता म्हणून सांगू! इथे स्वयंपाकघरात मी कपाला चमचा लावला तर आतून ओरडायचे, त्या कपाला चीर गेलीय, टाकून दे. आणि खरंच असायची. बाहेरून माणसं बोलवायला यायची ह्यांना. तरुण पोरं पट्टी लावायची आणि हे येऊन ठोकायचे. ह्यांनी पिवळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली की विमान उडायचं. तुमच्या पट्टीवर ती खूण आहे बघा, खालच्या कोपऱ्यात. काल संध्याकाळी केली. मी यायच्या आधी.

हळू बोलू? का? — ऐकतील म्हणून? सांगितलं ना, कंप्रेसर — काय? बंद आहे? कधी बंद झाला?

मघाच बंद झाला होय.

बरं. म्हणजे तुमच्या लक्षात आलं. मी मघापासून ह्यांच्यापासून चार हातांवर, ह्यांच्याचविषयी, एवढ्या मोठ्याने बोलतेय, आणि हे वळून बघत नाहीत. तुम्ही हुशार आहात. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नवरा बायकोचं ऐकत नाही, त्यात नवल काय! मीही कित्येक वर्षं तेच समजत होते, खरं सांगते. मीठ आणा म्हटलं की नाही आणायचे. मी भांडायचे — माझं बोलणं म्हणजे तुम्हाला वारा! आणि हे हसायचे. ऐकूच गेलेलं नसायचं हो. ती सगळी धाड धाड आत जाऊन बसली आणि बाकी सगळ्याला दार बंद झालं. समोरून बोललात तर कळतं त्यांना, ओठांवरून. तुमच्याशी बोलतात ना छान? समोर उभे राहून बोलतात. दर वर्षी डॉक्टर तपासतात, तेही समोर बसून विचारतात, ऐकू येतं ना नीट? हे म्हणतात, हो. झाली तपासणी.

मग पट्ट्या कोण पारखत होतं, हेच विचारताय ना डोळ्यांनी? सांगते. आता लपवून काय करू. मी दिवा धरते. हे ठोकत असताना मी पलीकडे उभी असते, दिवा घेऊन, खांद्यावर फडकं टाकून. एकदा असंच हे ठोकत चालले होते आणि एका जागी आवाज पडला. ठप. स्वच्छ पडला. मला वाटलं, आता थांबतील. थांबले नाहीत, पुढे गेले. टण, टण. काय करावं सुचेना, तर मी आपलं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि ती जागा पुसली, उगाच, डाग पडल्यासारखी. हे थांबले. माझ्याकडे बघितलं. मागे आले, पुन्हा ठोकलं आणि पेन्सिलीने गोल केला — इथे पोकळ आहे, म्हणाले. जसं काही त्यांनाच ऐकू आलं. मी म्हटलं, हो का? तेव्हापासून तसंच. आवाज पडला की मी फडकं उचलते. उचललं नाही तर पट्टी चांगली. ह्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. घरात सगळ्यावर बोलतो — शेजाऱ्यांवर, जावयावर, भाजीत तेल जास्त पडलं त्यावर — ह्यावर नाही. कधी कधी वाटतं, त्यांना अजूनही वाटतंय की त्यांनाच ऐकू येतं. माणूस अशी समजूत करून घेऊ शकतो ना? मी दिव्यामागे, ते उजेडात, आणि मध्ये फडकं. चुकलो नाही आम्ही कधी. एकही पट्टी पोकळ गेली नाही इथून. दोघं मिळून एक चांगला माणूस होतो आम्ही.

आणि काल ते एकटे होते.

तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. हो, मला सकाळी आल्याआल्या सांगता आलं असतं — ह्यांना म्हणायचं, चला, पुन्हा ठोकू, मी दिवा धरते. पण का म्हणून विचारलं तर काय सांगू? ते खूण करून बसलेत. त्या खुणेवर माझं फडकं ठेवायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर सांगायचं की तुमची खूण तुमची नव्हतीच. इतकी वर्षं नव्हती. आणि आज — आज मला दुसरंही सांगायचं होतं त्यांना. एका दिवसात माणसाला किती सांगायचं?

तो खडखडाट पुन्हा. ऐकलात? खुळखुळा आहे तो. अॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा घेतलाय, दोन्हीकडून टोप्या बसवल्यात, कडा घासून घासून गुळगुळीत केल्यात बाळाच्या हाताला लागू नयेत म्हणून, आणि आत रिव्हेट भरलेत. लहान रिव्हेट. कानाशी नेऊन हलवतात, ऐकू येत नाही, मग टोपी काढून आणखी दोन टाकतात. केवढा वाजतोय बघा! कुठलंही पोर घाबरून रडेल. त्यांना वाटतंय, अजून वाजत नाहीये.

रडेल म्हणाले का मी?

बाळ नाही, कॅप्टन. म्हणजे झालं, पण — लेकीला दवाखान्यात घेऊन गेलो तेव्हाच मला कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर ते यंत्र ठेवलं. आतल्या ठोक्यांचा आवाज खोलीभर येतो त्यातून, मागच्या वेळी मी ऐकला होता — घोडा धावल्यासारखा. ह्या वेळी नुसती खरखर. त्यांनी जागा बदलली, पुन्हा बदलली, अशी थोडी इकडे, थोडी तिकडे. ओळीने. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. बाई अजून शोधत होत्या, पण माझा कान इथे तयार झालेला ना — मला पहिल्याच जागी कळलं. आणि माझ्या खांद्यावर फडकं नव्हतं. नाहीतरी काय पुसणार होते?

मुलगी होती. नाक ह्यांचं होतं, हे असं, मोठं. लेक म्हणाली, आई, बाबांना फोनवर कळवू नकोस, त्यांना फोनवर नीट कळत नाही, तूच जाऊन सांग. म्हणून आले मी, पहिल्या गाडीने. वाटेवर शब्द जुळवत आले. हे टेबलाशी पाठमोरे बसले होते, असेच. मला जमेना हो समोर जायला. दारातच उभी राहून बोलले. म्हटलं, अहो, बाळ गेलं. मोठ्याने म्हटलं. त्यांना माझी सावली दिसली असेल टेबलावर. वळले, हसले, म्हणाले, आलीस? झालं बघ सगळं व्यवस्थित, उत्तम बसलंय! — पट्टीबद्दल म्हणत होते. मी म्हटलं, हो. पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात तुमची गाडी फाटकात आली आणि ते धावत तुमच्याकडे गेले, आजोबा झालो सांगायला — मी परत आले म्हणजे बाळ सुखरूप झालं, असंच धरलं त्यांनी.

नाही, पाणी नको मला. बरी आहे मी. रडायला सगळी बस होती, झालं रडून.

तुम्ही काय म्हणताय, ठोकून बघू या? मी? — कशाला. खूण आहे ना. — ठीक आहे. चला. माझ्याही कमरेला असतं एक नाणं. तुम्ही दिवा धरा. असा नको, तिरका. हं.

टण. टण. टण. हे बघा, घट्ट आहे. टण. हात अजून चांगला आहे ह्यांचा, कडा किती साफ उतरवल्यात बघा, नख लागत नाही कुठे. टण. टण. तडा कुठून जातो आतून? इथून, तिरका. टण. त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलेलं आहे, तडा तिथेच थांबावा म्हणून, ते साधारण इथे आलं असेल. टण. टण —

ठप.

नाही. पुन्हा. — ठप. ठप. ठप. इकडे? ठप.

तुम्ही ठोका. घ्या नाणं. घ्या हो! माझ्या कानात आज काही वेगळंच वाजत असेल. इथे ठोका, मग इथे. — ऐकलंत? तुम्हालाही कळलं ना? तळहाताएवढी जागा आहे. बरोबर तड्याच्या टोकावर. म्हणजे जिथे धरायला पाहिजे तिथेच धरलेलं नाही. वर गेलात, आतल्या हवेने पत्रा ताणला, की तडा पुन्हा चालायला लागणार, पट्टीखालून, न दिसता, खिडकीपर्यंत. आणि खिडकीशी बसतात नर्सबाई.

आणा ती पेन्सिल. गोल मी काढते.

आता नीट ऐका. हे विमान आज जात नाही. तुम्ही तुमच्या ऑफिसला कळवा, दुसरं मागवा, नाहीतर पेटी जीपने डोंगराच्या चढापर्यंत न्या आणि पुढे माणसं लावा. बर्फ आमच्या फ्रीझरमध्ये आहे, लागेल तेवढा घेऊन जा. कारण विचारलं तर सांगा, पट्टी पोकळ निघाली. कुणी पारखली विचारलं तर — तर म्हणा, घाईत राहून — नको. खरं सांगा. त्यांनी पारखली होती आणि त्यांना ऐकू येत नाही, असं सांगा. त्यांच्या बायकोने सांगितलं, असंही सांगा. पट्ट्या पास करायचा शिक्का जाईल त्यांचा. जाऊ दे. मी रोज इथे असेन असं धरून चाललो होतो आम्ही, जसं काही आमच्याकडे कधी कुणी आजारी पडणार नाही, कधी कुणाचं काही होणार नाही. पुढच्या खेपेला मी नसले आणि तुमच्यासारखा चहाला थांबणारा कुणी नसला तर?

पाया कसल्या पडताय, उठा. मी काही केलं नाही. मी तर अर्धा तास तुम्हाला गप्पांत गुंतवून ठेवलं, ठोकायला लागू नये म्हणून. तुम्ही उठून गेला असता तर मी आडवी आले असते का, हे मला अजून माहीत नाही. ते नका सांगू कुणाला. किंवा सांगा.

जा आता. नर्सबाई उभ्या राहिल्यात बघा. ह्यांचा निरोप घेऊ नका, पाठीवर थाप मारलीत तर वळतील आणि पुन्हा पेढ्या— पुन्हा गोड बोलतील काहीतरी, आणि तुमचं तोंड बघून त्यांना कळेल. तुमच्या तोंडावरून नको कळायला. मी जाते समोर. उजेडात उभी राहते, म्हणजे ओठ नीट दिसतील. आधी कुठलं सांगू, ते ठरवते चार पावलांत.

तो खुळखुळा थांबला बघा. झाला वाटतं त्यांच्या मनासारखा.

निघा तुम्ही. आणि दार असं जपून नका लावू, कॅप्टन — आपटलंत तरी चालेल.